कानपिळीचा मान

बोरगाव मेघे, वर्धा
१२ ऑगस्ट २००८

डोमा,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. विसरले नाही. यंदा तो शेवटी तरी मिळतो का ते बघ, आणि त्यासाठी पत्र शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस. दुकानात केला तर कौशल्येच्या बहिणीचा तो विक्की उचलतो आणि म्हणतो, "मावसाजी बाहेर गेले." मागून तुझा खोकला ऐकू येतो. सख्ख्या बहिणीला खोकल्यावरून भाऊ ओळखावा लागतो, ही वेळ आणलीस.

तर निरोप मिळाला. कौशल्या परवा येऊन तिकीट ठेवून गेली. चहा घेतला नाही. तुझ्या बायकोनं माझ्या घरी चहा नाकारायची ही पहिलीच वेळ, तीही तूच शिकवून पाठवलेली दिसते. निरोप असा की मयुरीचं लग्न हिंगणीच्या योगेंद्रशी दिवाळीनंतर ठरलं आहे, आणि मयुरी म्हणते, दादा येणार असेल तरच मी बोहल्यावर उभी राहीन. म्हणून मी मुंबईला जायचं, पियुषला समजवायचं, आणि त्यानंच बहिणीला फोन करून सांगायचं की मला सुट्टी नाही, मी येत नाही. म्हणजे पोरगी रुसणार ती भावावर, आणि तू नामानिराळा. ही युक्ती तुझीच आहे. कौशल्येला इतकं सुचत नाही.

मलाच का पाठवतोस, तेही मला कळतं. पियुषचं नाव बारशाला त्याच्या कानात मी सांगितलं. कॉलेजची सगळी वर्षं तो माझ्या घरी राहिला. मला तो नाही म्हणणार नाही, हे तुला ठाऊक आहे. माझ्या मायेवर तू तुझा गाडा ओढायला निघालास.

दोन वर्षांपूर्वी दुकानात गिऱ्हाईक नसताना, चांगली वेळ बघून, पोरगा तुला म्हणाला होता की बाबा, मले मुलीशी लग्न नाई करता येत, मी श्रावणसोबत राह्यतो. तू कापड मोजायची लोखंडी पट्टी त्याला फेकून मारलीस. श्रावण बोरधरणाकडचा, त्याचा बाप नत्थू जंगलखात्यात मजुरी करतो, गोंडाचं घर. तर तुझं बोलणं असं की एक तर पोरगा, त्यातही जंगलातला. म्हणजे पोरगा एखाद्या सावकाराचा असता तर तुला चाललं असतं का, हे विचारायचं राहून गेलं. मग दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावून दुकानाच्या पाटीवरचं "आणि चिरंजीव" निळ्या रंगानं पुसून टाकलंस. रंग पातळ मारला आहे रे. तिरपं ऊन पडलं की खालची अक्षरं दिसतात. सगळ्या सिंदीला दिसतात.

मी जाते. पोराला दोन वर्षांत पाहिलं नाही म्हणून जाते. तुझा निरोप मात्र अक्षर न बदलता सांगेन, माझी शाळा चौथीपर्यंतची असली आणि बाकीचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालेलं असलं तरी निरोप मी नीट पोचवते. पण एक विचारते. योगेंद्रचा कान कोण पिळणार? "माझ्या बहिणीला नीट सांभाळ" असं नवरदेवाला बजावायचा मान सख्ख्या भावाचा. माझ्या लग्नात तू एवढासा होतास. तुला मांडीवर घेऊन पुढं केलं, तर तू कान पिळायच्या ऐवजी चावलास, कारण हा माणूस ताईला घेऊन चालला हे तुला कळलं होतं. तुझे भाऊजी जिवंत होते तोवर दाढी करताना कानाची पाळी दाखवून म्हणायचे, इथं डोमा आहे.

तो डोमा कुठं गेला?

राखी शनिवारी आहे. तुझी राखी पिशवीत घेतली आहे. परत येताना सिंदीला येऊन बांधीन. राग आहे तरी बांधीन.

सुलोचना

*

बोरगाव मेघे
१९ ऑगस्ट २००८

डोमा,

यंदा तुझ्या मनगटावर माझी राखी नाही. ती कुठं गेली ते आधीच सांगते, म्हणजे तुला कागद फाडायचाच असेल तर लवकर फाडशील. ती श्रावणच्या हातावर आहे.

आता झालं कसं ते वाच.

पियुष दादर स्टेशनवर घ्यायला आला होता. वाळला आहे. तुझ्यासारखंच मान खाली घालून चालतो. घर म्हणजे एक खोली आणि मोरी, पण ओटा असा लख्ख की मला माझ्या ओट्याची लाज वाटली. श्रावण एका दवाखान्यात नर्सचं काम करतो. मला बघताच तो पिशवी भरायला लागला. म्हणाला, आत्याबाई आहेत तोवर मी मित्राकडं झोपतो. मी म्हटलं, "काऊन गा? मी माणसं खाते का?" तेव्हा बसला. माझ्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी दोघांनी अशी खाल्ली की दुसऱ्या दिवसाला उरली नाही. खाताना श्रावण एकदाच बोलला, चटणी आमच्या मायसारखी हाय म्हणून. 

चहाच्या वेळी मी तुझा निरोप सांगितला. मला वाटलं होतं पोरगा चिडेल, तुला दोन शब्द बोलेल, मग मीही त्यात माझे चार घालीन. तसं झालं नाही. तो म्हणाला, "बरं आत्या. सांगतो तिले सुट्टी नाई म्हणून. पण उद्या राखी हाय. संध्याकाळी सांगतो, सकाळी नको." आणि कप विसळायला उठला.  भांडणारं लेकरू मला चाललं असतं, डोमा. इतकं सहज हो म्हणणारं लेकरू तू तयार केलंस, त्याचा मला संताप आला. आणि निरोप सांगणारं तोंड माझं होतं, त्याचाही आला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मोर्चा होता. पेपरात ज्यांना समलिंगी म्हणतात त्या सगळ्यांचा. मुंबईत आता दरवर्षी काढायचा म्हणून राह्यले, असं पियुष म्हणाला. तू घरीच आराम कर, तिथं लोक काहीबाही बोलतात, असंही म्हणाला. मी म्हटलं, "मोर्चा मले नवीन हाय का? डोक्यावर हंडा घेऊन ग्रामपंचायतीवर गेलेली बाई मी." गेले.

ऑगस्ट क्रांती मैदानापासून निघालो. आपल्याकडं कधी बघितली नाहीत अशी माणसं होती आणि आपल्याकडं रोज दिसतात तशीही होती. तृतीयपंथी बाया होत्या, माझ्यापेक्षा चापूनचोपून लुगडं नेसलेल्या. त्यातल्या एकीनं माझा पदर नीट करून दिला. कॉलेजची पोरं, चष्मेवाले साहेब, एक गोरा माणूस ढोल वाजवत होता आणि त्याला ठेका जमत नव्हता. एका पोरीनं चपलेचा पट्टा लावायचा म्हणून तिचा सात रंगांचा झेंडा माझ्या हातात दिला, आणि गर्दीत ती कुठं गेली ती गेलीच. मग तो झेंडा पार चौपाटीपर्यंत मीच नेला. टाकायचा कुठं?

काहींनी तोंडावर कागदी मुखवटे बांधले होते. श्रावणनंही. दवाखान्यातलं कोणी पाहील, नोकरी जाईल, ही भीती. घामानं मुखवट्याचा रंग सुटून गालावर उतरला होता. पदरानं पुसला तर माझा पदर हिरवा झाला.

एका दुकानाच्या पायरीवर एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, थेट तू. मला म्हणाला, "आजी, म्हातारपणी अक्कल गेली का? घरी लेकरंबाळं नाहीत का?" मी म्हटलं, "लेकरासोबतच आले." तो थुंकला. ते लुगड्याच्या काठावर पडलं. पियुषनं पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मला त्या माणसापेक्षा तुझाच राग आला, कारण पोराला याची सवय आहे हे त्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि पहिली सवय त्याला घरात लागली. काठ मी समुद्रात धुतला. खारं पाणी लागून तो भाग आता कडक झाला आहे.

चौपाटीवर वाळूत बसलो. मयुरीनं मला चोरून राखी दिली होती, दादाला माझ्या नावानं बांध म्हणून. आता तुला कळलंच आहे, तर पोरीला बोलू नकोस, मला बोल. ती पियुषला बांधली. श्रावण समुद्राकडं बघत होता आणि एका हातानं दुसरं मनगट चोळत होता. त्याची बहीण रीना दरवर्षी राखी पाठवायची. यांचं कळल्यापासून तिनं बंद केली, असं पियुषनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. माझ्या पिशवीत तुझी होती. मी काही विचार केला नाही. काढली आणि बांधली.

पियुष म्हणाला, "आत्या, हे काय केलं वं तू? तुझा भाऊ म्हणजे हा तर माझा काका झाला."

माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. आजूबाजूची पोरं हसायला लागली. श्रावण इतका हसला की मुखवटा गळ्यात आला, आणि मग त्यानं तो परत चढवला नाही. नातं चुकलं तर चुकलं, बांधलेली राखी सोडायची रीत आपल्यात नाही. मी पियुषला म्हटलं, "मंग पाया पड काकाच्या." तो गाढव खरंच पडला.

आणि त्यानंतर हसू पुसून त्यानं खिशातून फोन काढला. संध्याकाळ झाली होती. मयुरीचं नाव लावलं. दिलेला शब्द पाळायला निघाला होता पोरगा. मी फोनवर हात ठेवला.

"राहू दे," म्हटलं. "निरोप मी परत घेतला."

"बाबा काय म्हणन?"

"त्याचं मी पाह्यते. कान तूच पिळजो."

तर डोमा, तुझ्या तिकिटावर गेले आणि तुझं काम केलं नाही. पुढचं काय ते तू आणि मी. पोराला मधे घ्यायचं नाही.

सुलोचना

*

बोरगाव मेघे
७ ऑक्टोबर २००८

डोमा,

माझं पत्र तू परत पाठवलंस. पण आधी फोडून, वाचून, मग दुकानातल्या खळीनं चिकटवून. खळ जास्त झाली, पाकिटाला हातांचे ठसे आहेत. वाचायचं तर उजळ माथ्यानं वाचावं.

सिंदीत तू सांगतोस की ताईला मुंबईत कोणीतरी काहीतरी खाऊ घातलं, तिचं डोकं फिरलं. पुऱ्या मी घरून नेल्या होत्या. लग्नपत्रिका मला पाठवली नाहीस, ती शेजारच्या शकुंतलाबाईंकडं बघायला मिळाली. त्यात पियुष नाही, हे माहीतच होतं. मीही नाही. आत्याचं नाव नसलेली पत्रिका आपल्या घराण्यात तूच पहिल्यांदा छापलीस. आणि कान पिळायला विक्कीला उभा करणार आहेस म्हणे. विक्कीला. जो घरात आला की मयुरी आपल्या खोलीचं दार लावून घेते.

गेल्या आठवड्यात योगेंद्र इकडं वर्ध्याला बियाणं घ्यायला आला होता, तो माझ्याकडं डोकावला. चहा घेतला, कौशल्येसारखा नाकारला नाही. पाय हलवत बसला आणि म्हणाला, "आत्याबाई, साळा कोण हे मले कोणी सांगूनच नाई राह्यलं. मयुरी नुसती रडते." मी सगळं सांगितलं. मुंबईचंही. झेंड्याचंही. तो ऐकत राहिला, मग स्वतःच्या कानाला हात लावून बघितला आणि गेला. काय समजला ते मला कळलं नाही. लग्न मोडलं तर खापर माझ्यावर फोड, मी मान वाकवून उभी आहे. पण खोटं सांगून लावून दिलेलं लग्न मला माझ्या पोरीसाठी नको.

मी लग्नाला येणार. पत्रिकेवर नाव नसलं तरी हात कोणाचा धरून उभं राहायचं ते मी ठरवते. सोबत पियुष येईल, आणि माझा भाऊ श्रावण येईल. राखीच्या भावाला मांडवातून परत पाठवायची आपल्यात रीत नाही. ही रीत तू मोडतोस का, ते चार लोकांत बघू.

सुलोचना

*

बोरगाव मेघे
२४ नोव्हेंबर २००८

डोमा,

काल तू पाठ फिरवून उभा राहिलास, म्हणून तुझ्या पाठीमागं काय झालं ते तुला लिहिते. लोक तुला त्यांच्या त्यांच्या परीनं सांगतीलच. माझ्याकडून खरं वाच.

दाराशी विक्की आणि त्याचे मित्र आडवे उभे होते, तोपर्यंतचं तू पाहिलंस. तू आलास, आणि किती दिवसांनी माझ्याशी तोंडानं बोललास. "ताई, तू आत चाल. हे दोघं नाई." मी म्हटलं, हा माझा भाऊ आहे. तू म्हणालास, "तुझा भाऊ मी हाय."

मी म्हटलं, "मंग दाखव मनगट."

ते मी बोलले. सगळ्यांपुढं बोलले आणि आजही मागं घेत नाही. तुझं मनगट कोरडं होतं. श्रावणनं नवा शर्ट घातला होता, त्यानं बाही वर केली. धागा मळून काळा झाला होता, पण होता. तू त्याच्याकडं पाहिलं नाहीस. पियुषकडंही नाही. विक्कीला म्हणालास, "मले मुलगा नाई, ध्यानात ठेव," आणि मागं आचाऱ्याकडं निघून गेलास. पोरगा तिथंच, हातभर अंतरावर होता. त्याला ऐकू जावं म्हणूनच बोललास.

पियुष म्हणाला, चाल आत्या, जाऊ आपण, मयुरीचं लग्न नासवायचं नाई. मी दाराशीच चपलांच्या ढिगाजवळ खुर्ची ओढून बसले. जायचं तर तुम्ही जा, म्हटलं. ते दोघंही माझ्या खुर्चीला धरून उभे राहिले. आत अक्षता पडल्या. आमच्या हातात अक्षता नव्हत्या, तर श्रावणनं शेजारच्या बाईकडून मूठभर मागून आणल्या आणि आम्ही तिघांनी तिथूनच उडवल्या. विक्कीच्या डोक्यावर पडल्या बऱ्याच.

मग माइकवर गुरुजींचा आवाज आला, मुलीच्या भावानं कान पिळायला पुढं यावं. विक्की केस मागं सारत आत गेला. आता मी पुढचं दारातून बघितलेलं सांगते. विक्कीनं हात पुढं केला आणि योगेंद्रनं दोन्ही कानांवर दोन्ही हात ठेवले. लोक हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. विक्कीही हसला आणि हात ओढायला लागला. तर योगेंद्र उठला. मुंडावळ्या सावरल्या आणि बोहल्यावरून खाली उतरून दाराकडं चालायला लागला. शेल्याची गाठ बांधलेली, त्यामुळं मयुरीही मागं. गुरुजी माइकवर विचारताहेत, कुठं चालले, कुठं चालले. बँडवाल्यांना वाटलं वरात निघाली, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. कौशल्या खांबाला टेकून उभी होती, तिनं तोंडावर पदर घेतला, पण थांबवलं नाही कोणाला. तेवढं तिच्या नावावर लिही.

योगेंद्र आमच्यापुढं येऊन वाकला. वाकून डावा कान पुढं केला.

"साळेबुवा, पिळा," म्हणाला. "लोक जेवायचे थांबले हायेत."

पियुषनं माझ्याकडं पाहिलं, मग श्रावणकडं. हात पुढं केला. इतका हळू धरला कान, जसा काही तो मान दुसऱ्याच्या मालकीचा आहे. योगेंद्र म्हणाला, एवढ्यानं मी नाई भ्यायचो. तेव्हा मयुरी म्हणाली, "दादा, पिळ ना."

पिळला. योगेंद्र "आई वं" म्हणून ओरडला ते तुला आचाऱ्याकडंही ऐकू गेलं असेल. बँड तर थांबला होता.

कान पिळणाऱ्याला नवरदेवाकडून टॉवेल-टोपी द्यायची असते. मला वाटलं ती विक्कीच्या हाती गेली. पण योगेंद्रचे वडील, बापूजी, एवढा तापट माणूस, ते गर्दीतून आले. मला वाटलं आता होतं काय. त्यांनी पियुषच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. मग श्रावणकडं बघून थांबले. हा कोण, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ. बापूजींना सगळं माहीत होतं, योगेंद्रनं घरी सांगितलंच होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. ते म्हणाले, मंग पंगतीत बसवा की, दारात काऊन उभे केले? एवढंच. प्रेमानं म्हणाले असं म्हणत नाही. कपाळाला आठी होती. पण म्हणाले. तुला तेवढंही जमलं नाही.

आम्ही पंगतीत जेवलो. बुंदी करपलेली होती. आचाऱ्याला विचारलं तर म्हणाला, मालक झारा हातात घेऊन कढईसमोर उभे होते, दाराकडं पाठ करून, आणि किती सांगितलं तरी बाजूला झाले नाहीत.

डोमा, कान पिळताना पोराचे हात कापत होते. माझ्या लग्नात तुझेही असेच कापत होते. तू चावलास ते नुसत्या रागानं नाही, हातात कान धरवेना म्हणूनही. मी नवी नवरी, मान खाली, पण तेवढं मी पाहिलं होतं.

पियुष आणि श्रावण आज सकाळच्या गाडीनं गेले. टोपी त्यानं घडी करून बॅगेत वर ठेवली, चुरगळू नये म्हणून.

तुला अजून आशीर्वाद लिहिलेला नाही. या पत्राच्या खाली त्याच्यासाठी जागा सोडली आहे. पाटीवरचा निळा रंग खरडून काढ. "आणि चिरंजीव" पुन्हा दिसायला लागलं, की हे पत्र घेऊन बोरगावला ये, तुझ्यासमोर भरून देईन. चिकटवून परत पाठवलंस तरी चालेल, जागा तेवढी फाडू नकोस.

तोवर ती कोरीच राहील.

सुलोचना